मॉरिशसची अर्थव्यवस्था आणि व्यापार

मॉरिशस म्हणजे हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला असलेलं जेमतेम २,०४० चौरस किलोमीटरचा बेटांचा देश, आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचा चौथा हिस्सा धरा, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. तेल नाही, खनिज नाही, भात-गहू पण बाहेरून येतो. चलन रुपयाच, आणि नोटांवर इंग्रजी, तमिळ, हिंदी अशा तीन भाषा (१९९८ मध्ये तमिळ-हिंदीचा क्रम उलटा छापला गेला तर एवढा गोंधळ झाला की त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या). असा देश आफ्रिकेतल्या सुस्थितीतल्या देशांमध्ये कसा गेला, तर एका वाक्यात सांगायचं तर दुसऱ्यांच्या करारांवर. बाहेरच्या कुणीतरी सवलत द्यायची, यांनी ती पिळून घ्यायची, आणि ती संपायच्या आत पुढची शोधून ठेवायची.

सुरुवात साखरेची. ऊस डचांनी १६३९ ला जावाहून आणला, फ्रेंचांनी वाढवला, पण खरी भरभराट इंग्रजांच्या काळात, कारण १८२५ मध्ये ब्रिटनने इथल्या साखरेवरची ड्युटी वेस्ट इंडिजच्या साखरेइतकी खाली आणली आणि मग जिकडेतिकडे ऊसच ऊस. चक्रीवादळात बाकीची पिकं झोपतात, ऊस वाकतो पण बराचसा टिकतो, हेही कारण होतंच. १८३५ ला गुलामगिरी संपली, मग मजूर कुठून आणायचे तर हिंदुस्थानातून गिरमिटावर, म्हणजे ठरावीक वर्षं राबायच्या करारावर. १८३४ ते १९२० या काळात साडेचार लाखांच्या वर माणसं राजधानी पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली, त्या जागेला आता आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. बहुतेक लोक भोजपुरी पट्ट्यातले, तमिळ-तेलुगूही बरेच, आणि मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले आणि घाटावरचे मराठी लोक. गणेश चतुर्थीला तिथे आजही सरकारी सुट्टी असते ती त्यांच्यामुळेच.

१२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा निर्यातीत नव्वद टक्क्यांच्या वर साखरच होती. अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ च्या अहवालात या देशाचं काही खरं नाही असाच सूर लावला होता, लोकसंख्या भरमसाट वाढतेय, जमीन संपलीय, पीक एकच. त्यांना पुढे १९७७ ला नोबेल मिळालं, पण मॉरिशसचा अंदाज मात्र साफ चुकला.

चुकला तो दोन गोष्टींमुळे. पहिली, १९७५ चा लोमे करार (युरोपने आपल्या जुन्या वसाहतींशी केलेला व्यापारी करार) आणि त्याबरोबरचा साखर प्रोटोकॉल. युरोपने दरवर्षी साधारण पाच लाख टन साखर ठरलेल्या भावाने घ्यायची हमी दिली, आणि हा भाव बहुतेक वर्षं जागतिक बाजारापेक्षा कितीतरी जास्त असायचा. आपल्याकडे एफआरपीसाठी, म्हणजे उसाच्या किमान भावासाठी, दरवर्षी आंदोलन होतं, इथे अख्ख्या देशाला दुसऱ्या खंडाने भाव बांधून दिला होता असं समजा.

दुसरी म्हणजे १९७० चा निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा, ईपीझेड. यातली गंमत अशी की 'क्षेत्र' म्हटलं तरी कुंपण घातलेली एमआयडीसी वगैरे नव्हती, कारखाना बेटावर कुठेही टाका, माल बाहेर पाठवत असाल तर कच्च्या मालावर ड्युटी नाही आणि टॅक्समध्ये सूट. त्यामुळे कारखाने गावागावात गेले आणि घरातल्या बायका पहिल्यांदा पगारावर लागल्या. आतल्या धंद्यांना संरक्षण देणाऱ्या जकाती मात्र तशाच ठेवल्या, म्हणजे एका देशात दोन नियम, पुस्तकी अर्थशास्त्राला न पटणारं पण चाललं. पैसा आला हाँगकाँगवाल्यांकडून, कारण कपड्यांच्या जागतिक कोट्यात (कुठल्या देशाने किती कपडे निर्यात करायचे याची मर्यादा) ते अडकले होते आणि मॉरिशसमधून युरोपात माल ड्युटीशिवाय जायचा. बेटावरच्या फ्रेंच वंशाच्या मळेवाल्यांनीही १९७४ च्या आसपासच्या साखरेच्या तेजीतला नफा इकडे घातला. तरी मधली वर्षं वाईटच गेली, १९७९ आणि १९८१ ला रुपयाचं अवमूल्यन करावं लागलं, पण ऐंशीचं दशक संपेपर्यंत बेकारी जवळजवळ नाहीशी झाली आणि हे बेट लोकरी स्वेटरच्या मोठ्या निर्यातदारांत गेलं.

मग दोन्ही आधार गेले. कपड्यांचा कोटा २००५ च्या सुरुवातीला संपला, युरोपने साखरेचा भाव २००६ पासून टप्प्याटप्प्याने ३६ टक्के कापला आणि २००९ ला प्रोटोकॉलच बंद. साखर कारखाने एकमेकांत विलीन होत होत आता मोजून तीन-चार उरलेत. ते चिपाडावर वीज करतात आणि डेमेरारा, मस्कोवाडो अशी महागातली ब्राऊन साखर विकतात. शिवणकाम बरंचसं मादागास्करला गेलं, आणि जे राहिलं तिथे आता बांगलादेशी, भारतीय कामगार दिसतात. गिरमिटियांच्या देशात परत करारावरचे मजूर!

भारतीय वाचकाला मॉरिशस आठवतं ते मात्र शेअर बाजारामुळे. १९८३ पासून लागू झालेल्या, भारताबरोबरच्या दुहेरी कर टाळण्याच्या करारात मॉरिशसच्या कंपनीने भारतात शेअर विकून नफा कमावला तर कर मॉरिशसमध्ये, आणि तिथे भांडवली नफ्यावर कर नाहीच. १९९२ ला परदेशी पैशासाठी तिथे कंपन्या काढू देणारा ऑफशोर कायदा आला आणि कागदोपत्री का होईना, भारतातली सगळ्यात मोठी परकीय गुंतवणूक वर्षानुवर्षं या टीचभर बेटावरून येत राहिली. काळा पैसा फिरवून आणायची वाट असा आरोप होत राहिला, २००३ ला सुप्रीम कोर्टाने करार वैध धरला, शेवटी २०१६ ला दुरुस्ती होऊन १ एप्रिल २०१७ नंतर घेतलेल्या शेअर्सवर भारतात कर लागू झाला. २०२१ ला भारताबरोबर व्यापारी करार झाला, भारताचा आफ्रिकेतल्या देशाशी असा पहिलाच, त्यात मॉरिशसच्या ६१५ वस्तूंना सवलत आहे.

पर्यटनाचं सगळ्यांना माहीत आहेच, २०१९ ला लोकसंख्येपेक्षा जास्त पाहुणे आले. २०२० ला ते थांबले आणि अर्थव्यवस्था एका वर्षात साधारण १५ टक्के आकसली, वर त्याच वर्षी जुलैत वाकाशिओ जहाज प्रवाळावर अडकलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून तेल सांडलं, तेव्हा लोकांनी कापडी पिशव्यांत उसाचं पाचट भरून तेल अडवायचे तरंगते बांध केले. ट्यूना मासा डब्यात भरून युरोपला जातो, पण इंधन, तांदूळ, पीठ, गाड्या सगळं आयात, त्यामुळे व्यापारातली तूट कायमची आणि ती भरायची पर्यटन आणि वित्तसेवांनी.

नवा करार हिंदी महासागरातल्याच चागोस बेटांचा. १९६५ ला ब्रिटनने ती ३० लाख पौंड देऊन मॉरिशसपासून तोडली होती, २२ मे २०२५ च्या करारात ती परत द्यायचं आणि त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावरचा लष्करी तळ ९९ वर्षं भाड्याने ठेवायचं ठरलं, भाडं सरासरी वर्षाला १० कोटी पौंडांच्या वर. लगेच पुढच्या महिन्यातल्या बजेटमध्ये मॉरिशस सरकारने हे पैसे कर्ज फेडायला धरले सुद्धा.