तासिकेची लांबी (माध्यमिक शिक्षण)

शाळेच्या वेळापत्रकात एका विषयासाठी सलग राखलेला वेळ म्हणजे तासिका. माध्यमिक शाळांत ती बहुधा ३५ ते ५० मिनिटांची असते. दोन तासिका सलग जोडून केलेली जोडतासिका ८०-९० मिनिटांपर्यंत जाते.

उगम : चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची तासिका अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली असावी. तिचे श्रेय अनेकदा ‘कार्नेगी एकका’ला दिले जाते. १९०५ मध्ये स्थापन झालेले कार्नेगी प्रतिष्ठान महाविद्यालयीन प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देत असे. त्याचा लाभ हवा असलेल्या महाविद्यालयांना प्रवेशासाठी शालेय अभ्यासाच्या किमान १४ एककांची अट घालावी लागे. एक एकक म्हणजे एका विषयाचे सुमारे १२० तास. मात्र या व्याख्येतच शालेय वर्ष ३६ ते ४० आठवड्यांचे, तासिका ४० ते ६० मिनिटांची आणि विषयाला आठवड्यास चार-पाच तासिका असे गृहीत धरले होते. ३६ आठवडे, आठवड्यास पाच दिवस, रोज ४० मिनिटे, हा हिशेब नेमका १२० तासांचा होतो. त्याआधी १८९२ मध्ये हार्व्हर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या दहा जणांच्या समितीनेही विषयांची वाटणी आठवड्याच्या तासिकांतच केली होती आणि प्रयोगशाळेच्या कामाला शक्य तेथे जोडतासिका सुचवली होती. त्यामुळे एककाने नवी चौकट घडवली असे म्हणण्यापेक्षा असलेली चौकट पक्की केली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

अध्यापनावरील परिणाम : छोट्या तासिकेत हजेरी, आधीच्या पाठाची उजळणी आणि गृहपाठ सांगणे यांनंतर नव्या भागाला अर्धा तासही उरत नाही. व्याकरण किंवा गणिताच्या रोजच्या सरावाला एवढा वेळ पुरतो. प्रयोगाला पुरत नाही. आम्ल-अल्कली अनुमापनात (एका द्रावणाची तीव्रता दुसऱ्याच्या मापाने काढण्याच्या प्रयोगात) ब्युरेट, म्हणजे मापखुणांची काचनळी, धुऊन, द्रावणाने खंगाळून, भरून, त्यातला हवेचा बुडबुडा काढेपर्यंतच बराच वेळ जातो. एकसारखी वाचने येईपर्यंत अनुमापन पुन्हा करायचे, तर घंटा आड येते. मग शिक्षक प्रयोग स्वतःच करून दाखवतात, ही खरी हानी होय.

लांब तासिकांची पद्धत अमेरिकेत १९९० च्या दशकात फोफावली. रॉबर्ट लिन कॅनडी व मायकेल रेटिग हे तिचे प्रमुख पुरस्कर्ते. अर्ध्या वर्षाच्या सत्रात चारच विषय आणि रोज ९० मिनिटे, किंवा एका दिवसाआड तासिका, असे तिचे दोन मुख्य प्रकार. पहिल्या प्रकारात ९० दिवसांत १३५ तास मिळतात. वर्षभर १८० दिवस रोज ५० मिनिटे धरली तर १५०. शिवाय गणित वा भाषेत एका सत्राचा खंड पडू शकतो. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियातल्या दहावीच्या विज्ञानाबाबत बेटसन यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्षभर विषय शिकलेले विद्यार्थी सत्रपद्धतीतल्यांपेक्षा सरस ठरले. हा निष्कर्ष मुख्यतः सत्ररचनेचा आहे. निव्वळ तासिकेच्या लांबीचा तो पुरावा मानू नये. व्याख्यानच दुप्पट लांबवले, तर वाढीव वेळेचा फारसा उपयोग होत नाही, याबाबत मात्र अभ्यासकांत बरेच एकमत दिसते.

भारत : २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस व १,००० तास ठरवले, तासिकेची लांबी ठरवली नाही. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातील नमुना वेळापत्रकांत नववीपासून ५० मिनिटांची तासिका आहे. महाराष्ट्रात एकाच इमारतीत सकाळ-दुपार अशा दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळांना तासिका आखडती घ्यावी लागते. शनिवारच्या सकाळच्या शाळेत ती आणखी छोटी होते.