नवेगाव बांध : तलाव, शेजार आणि वर्षाचा फेरा

नवेगाव बांध हा महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला तलाव आहे. त्याच्या काठचे गावही याच नावाने ओळखले जाते. तलावाचे क्षेत्र सुमारे ११ चौ. किमी असून गोंदिया–चांदाफोर्ट लोहमार्गावरचे देवलगाव हे जवळचे स्थानक आहे. डोंगरांच्या कुशीतले एवढे पाणी पाहून पहिल्यांदा आलेला माणूस त्याला नैसर्गिक सरोवर समजतो. ही चूक सहज होते, पण ती दुरुस्त केल्याशिवाय इथले काहीच नीट कळत नाही. हा तलाव माणसांनी बांधलेला आहे. तो भातासाठी आणि उसासाठी बांधला गेला. पक्षी, मासे, जंगल आणि पर्यटक त्यानंतर आले.

परंपरेनुसार अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील या कोहळी समाजातल्या माणसाने डोंगरांमधल्या वाटा मातीच्या पाळीने बुजवून पाणी अडवले. पाळ काही केल्या टिकेना, तेव्हा सात बहिणी मदतीला धावल्या, अशी आख्यायिका आहे. भोवतालच्या डोंगरांना आजही ‘सात बहिणी’ म्हणतात. खुद्द कोलू पाटलांचा पुढे ‘कोलासूर’ देव झाला आणि पाळीजवळ त्याचे ठाणे आहे. राजांचे आणि संतांचे देव झालेले आपल्याला पुष्कळ ठाऊक असतात. मातीकाम करणाऱ्याचा देव झाल्याचे उदाहरण मात्र शोधावे लागते.

कोहळी हे तलाव बांधण्यात आणि ऊस पिकवण्यात वाकबगार. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजाने त्यांना काशीहून आणले, अशी त्यांची स्वतःची कथा इंग्रजी अमदानीतल्या जातीविषयक ग्रंथांतही नोंदलेली आहे. कथेतली काशी बाजूला ठेवली, तरी गोंड राजवटीत जंगल तोडून तलाव बांधणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळे, ही गोष्ट उरतेच. पुढे मध्य प्रांतात मालगुजारी पद्धत आली आणि गावाच्या सारावसुलीबरोबर तलावाची देखभालही मालगुजाराच्या गळ्यात पडली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली हा सारा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. इथे असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव असल्याचे सांगितले जाते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून कागदोपत्री ते ‘माजी मालगुजारी तलाव’ आहेत. त्याचे लघुरूप ‘मामा तलाव’. बाहेरच्या माणसाला हे नाव ऐकून मामाचे गाव आठवते, पण त्यामागे एका कायद्याची तारीख आहे.

अशा तलावाची रचना दिसायला साधी असते. मातीची पाळ पाणी अडवते. जास्तीचे पाणी एका बाजूच्या सांडव्यावरून निघून खालच्या तलावात किंवा बोडीत जाते. बोडी म्हणजे शेतापुरते छोटे तळे. उताराच्या मुलखात एका तलावाचे पाणी दुसऱ्यात आणि दुसऱ्याचे तिसऱ्यात, अशी साखळीच असते. शेताला पाणी सोडायची वाट म्हणजे ‘तुडुम’. त्यात पायरीपायरीने भोके असतात. पाणी उतरेल तसे वरचे भोक संपते आणि खालचे उघडावे लागते. तुडुम कधी उघडायचे आणि किती दिवस, यावरच इथल्या शेजाऱ्यांचे संबंध वर्षभर गोड किंवा कडू राहतात.

वर्षाची सुरुवात इथे पाडव्याला होत नाही, मृगाला होते. या भागात वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पहिल्या सरींनंतर पऱ्हे टाकतात, म्हणजे भाताची रोपे तयार करायला घेतात. ज्याच्याकडे पाण्याची खात्री नाही तो ‘आवत्या’ पेरतो, म्हणजे रोपे न लावता सरळ बी फेकतो. आषाढात बांध्यांमध्ये चिखल होतो आणि रोवणी, म्हणजे रोपांची लावणी, सुरू होते. बांधी म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी, वेढलेला भाताचा चौकोन. रोवणीच्या दिवसांत गावात दुपारी माणूस सापडत नाही. बायकांच्या टोळ्या ओळीने वाकलेल्या असतात, डोक्यावर इरल्यासारखे पांघरलेले प्लॅस्टिक, पायाला चिखल, आणि मजुरीचा दर एका गावातून दुसऱ्या गावात फोनच्या आधी पोचलेला.

त्याच दिवसांत पाण्याखालीही स्थलांतर चालू असते. तलाव भरू लागला की मरळ, शिंगी, मांगूर आणि इतर स्थानिक मासे ओहोळांमधून वर, उथळ पाण्यात, भाताच्या बांध्यांपर्यंत अंडी घालायला चढतात. धिवर हा इथला मासेमारी करणारा समाज. कोणता मासा कोणत्या पावसाला कोणत्या वाटेने चढतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. चढणीच्या माशावर जाळे टाकू नये, हा जुना संकेत. तो सगळेच पाळतात असे नाही, कारण बांधीच्या तोंडाशी आलेला मासा आयता हाताला लागतो आणि पावसाळ्यात भाजी महाग असते.

श्रावण-भाद्रपदात पाऊस ओढ देतो तेव्हा तुडुमाचा प्रश्न उभा राहतो. शेतकऱ्याला पाणी आत्ता हवे असते, कारण धान गर्भात आलेले असते. धिवराला ते तलावात राहायला हवे असते. पाणी उतरले की मासा आणि शिंगाडा दोन्ही हातचे जातात. ज्यांची शेते पाळीला लागून आहेत ते पोटभर घेतात आणि शेपटाकडचे रात्री जागून पाण्याची वाट बघतात. मालगुजारांच्या काळात वाटप जुन्या हक्कनोंदींप्रमाणे होई. गावाच्या वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे रूढ हक्कांच्या नोंदवहीत, कोणाचे पाणी, कोणाची गुरे, कोणाची मासेमारी हे लिहिलेले असे, आणि पुढे निस्तार पत्रकाने, म्हणजे गावाच्या सामायिक वापराच्या नोंदीने, त्यातले काही हक्क जपले. आज मोठे तलाव पाटबंधारे विभागाकडे, लहान जिल्हा परिषदेकडे आणि मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे असतो. पाण्याला मालक तीन झाले, पण पाणी तेवढेच राहिले. मालगुजारी न्यायाची होती असे नव्हे. धिवराच्या वाट्याला तेव्हाही उरलेलेच येई. पण भांडायचे कोणाशी, हे तेव्हा माहीत होते.

या उथळ पाण्याचा आणखी एक दावेदार म्हणजे सारस. उडणाऱ्या पक्ष्यांत हा जगातला सर्वांत उंच. नर-मादी जोडीने राहतात आणि पावसाळ्यात भाताच्या बांधीत किंवा तलावाच्या काठच्या पाणवनस्पतींत काड्या-गवताचा मोठा ढीग रचून त्यावर बहुधा दोन अंडी घालतात. उबवणीला महिनाभर लागतो. म्हणजे शेतकऱ्याच्या ऐन कामाच्या दिवसांत त्याच्या शेताच्या मध्यावर हे घरटे असते, आणि भोवतालचे थोडे धान तुडवले जाते. महाराष्ट्रात सारस आता गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूर एवढ्यातच उरला आहे. त्यातले बहुतेक गोंदियाच्या उत्तरेला, वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या खोऱ्यात, परसवाडा-झिलमिलीच्या बाजूला आढळतात. जिल्ह्यातली संख्या गेल्या काही वर्षांत तीस-चाळीसच्या घरात राहिली आणि ती घसरत आहे. कीटकनाशके, शेतांवरून गेलेल्या वीजतारा आणि बुजलेले तलाव ही कारणे वारंवार पुढे येतात. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. तरीही सारसाचे घरटे टिकते ते ज्याच्या बांधीत ते आहे, त्या शेतकऱ्याने चार दिवस तिकडे फवारणी केली नाही, तर.

दिवाळीच्या सुमारास हलके, म्हणजे लवकर येणारे धान कापून झालेले असते आणि भारी, म्हणजे उशिरा येणारे धान उभे असते. शिवारात पुंजणे, म्हणजे धानाच्या पेंढ्यांच्या गंज्या दिसू लागतात. गोवारी, म्हणजे गुरे राखणारा समाज, गाई खेळवतात. मग गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. तिथल्या मंडळ्या या हंगामात रोज एका गावात असतात आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. लेकी माहेरी येतात त्या दिवाळीसाठी म्हणतात खऱ्या, पण पुष्कळदा मंडईची तारीख बघून. शेजारच्या गावाची मंडई आपल्या गावाच्या दिवशी येऊ नये, एवढा समजूतदारपणा गावे अजून राखून आहेत.

थंडीबरोबर पाहुणे बदके उतरतात. तलवार बदक, थापट्या, लालसरी आणि चक्रवाक खुल्या पाण्यावर थव्याने बसतात. मूळ रहिवाशांत अडई, काणूक, हळदी-कुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी आहेत. महाराष्ट्रातल्या एकूण पक्षिजातींपैकी साठ टक्के इथे दिसतात, असे पर्यटनाच्या माहितीत हमखास छापलेले असते. तो आकडा कोणी कधी मोजला, हे मात्र कुठेच छापलेले नसते. पक्षी पाहायचे तर सकाळी लवकर आणि पाळीवरून पाहावेत. दुपारी नौकाविहाराच्या आवाजाने बदके पार पलीकडच्या काठाला सरकलेली असतात.

हिमालय ओलांडून येणाऱ्यांत पट्टकादंब हंस आहे. त्याची वीण तिबेटच्या पठारावरच्या सरोवरांकाठी होते आणि हिवाळा भारतातल्या तलावांवर जातो. याच तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला, १९७२ साली वसलेली नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. महाराष्ट्रातली ही एकमेव तिबेटी वसाहत. तिचा फेरा हंसाच्या उलटा आहे. थंडी पडू लागली की इथली बरीच कुटुंबे शहरोशहरी स्वेटर विकायला बाहेर पडतात आणि लोसार या नववर्षाच्या आसपास परततात. पावसाळ्यात तेही आसपासच्या शेतकऱ्यांसारखे आभाळाकडे बघत शेती करतात. महाशिवरात्रीला प्रतापगडच्या डोंगरावर यात्रा भरते. तिथे महादेवाबरोबर ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांच्या दर्ग्यालाही तितकीच गर्दी असते.

उन्हाळ्यात तलाव आकसतो आणि काठ रुंदावतो. पहाटे मोहफुले वेचायची, मेमध्ये तेंदूपत्ता तोडायचा. दोन्ही कामे जंगलात होतात आणि दोन्हींच्या वेळा अस्वलाच्या वेळांशी जुळतात. मोह अस्वलालाही आवडतो. पाणी उरते ते मोठ्या तलावांतच, त्यामुळे चितळ, सांबर, रानगवा आणि त्यांच्यामागून बिबट्या-वाघ संध्याकाळी काठाशी येतात. अलीकडे एक नवा शेजारी वाढला आहे. छत्तीसगडकडून २०२१ मध्ये गडचिरोलीत शिरलेला रानहत्तींचा कळप २०२२ मध्ये या तालुक्यातही आला. वाघाशी कसे वागावे, हे इथल्या लोकांना ठाऊक होते. हत्तीशी वागायची रीत कोणाच्या आजोबांनीही सांगितलेली नव्हती. पुंजण्यांना लागणाऱ्या आगीची धास्ती जुनी होती, पुंजणे खाऊन जाणारा पाहुणा नवा होता.

भोवतालचे जंगल १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. २०१३ मध्ये ते नागझिऱ्यासह नवेगाव–नागझिरा व्याघ्रप्रकल्पात आले. वनाधिकारी म्हणून इथे राहिलेले मारुती चितमपल्ली यांच्यामुळे मराठी वाचकाला नवेगाव घरबसल्या ठाऊक झाले. त्यांच्या लेखनात पुस्तकी नावांच्या बरोबरीने स्थानिक नावे येतात, आणि ती सांगणारे बरेचसे गावातलेच होते. गावचे माधवराव पाटील डोंगरवार हे त्यांतले मुख्य. या प्रदेशातल्या पक्ष्यामाशांविषयीचे ज्ञान कोहळी, गोंड आणि धिवरांच्या बोलीत साठलेले आहे. ती बोली, म्हणजे झाडीबोली, बोलणारी मुले शाळेत तिच्यासाठी टोकली जातात, तेव्हा त्या साठ्याला कुठून गळती लागते हे वेगळे सांगायला नको.

तलाव स्वतःही आटत आहेत, पण पाऊस कमी पडतो म्हणून नव्हे. दरवर्षी गाळ काढायची रीत मोडली, काठावर अतिक्रमण झाले आणि बेशरमाच्या झुडपांनी उथळ पाणी गिळले. उत्पन्न वाढावे म्हणून रोहू, कटला, मृगळ सोडले गेले, कुठे गवत्या (ग्रास कार्प) हा मासाही सोडला गेला. गवत्या नावाप्रमाणे पाणवनस्पती फस्त करतो, आणि ज्या वनस्पतींत स्थानिक मासा अंडी घालतो नि बदके चरतात, त्याच जातात. या तालुक्यातल्या काही गावांत धिवर संस्थांनी आणि महिलांच्या गटांनी यावर उलटे काम सुरू केले. अर्जुनी मोरगावच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचा त्यात पुढाकार आहे. उन्हाळ्यात तलाव उघडा पडला की बेशरम मुळासकट उपटायची, कोरडा तळ नांगरायचा आणि पहिल्या पावसानंतर गुडघाभर पाण्यात उभे राहून हायड्रिला, व्हॅलिसनेरिया यांसारख्या स्थानिक वनस्पती हाताने लावायच्या. काम अगदी रोवणीसारखेच, तोच वाकलेला कणा आणि तोच चिखल. बघणाऱ्यांनी सुरुवातीला हसून घेतले, कारण तलावात गवत लावणारे त्यांनी कधी पाहिले नव्हते. एक-दोन पावसाळ्यांनी स्थानिक माशांच्या जाती जाळ्यात परत दिसू लागल्या आणि देवधान, म्हणजे तलावात आपोआप उगवणारा जंगली भात, काठाला पुन्हा डोलू लागला. ऋषिपंचमीला नांगरलेल्या जमिनीतले खायचे नसते. त्या दिवशी घराघरांत हे देवधान लागते, आणि ते तलावातून आणून देणारी बाई बहुधा धिवराघरची असते.