सत्यता कोष्टक

सत्यता कोष्टक किंवा सत्यता सारणी ही विधानीय तर्कशास्त्रातील (सबंध विधाने ‘आणि’, ‘किंवा’ अशा शब्दांनी जोडून पाहणाऱ्या तर्कशास्त्रातील) एक मांडणी आहे. घटक विधाने सत्य (स) किंवा असत्य (अ) असण्याच्या सर्व शक्यता ओळींमध्ये लिहायच्या आणि प्रत्येक ओळीत संयुक्त विधानाचे मूल्य काढायचे, एवढेच तिचे तंत्र. एका घटकाला दोन ओळी लागतात, दोघांना चार, तिघांना आठ.

‘नाही’ मूल्य उलटवते. ‘आणि’ने जोडलेले विधान दोन्ही घटक सत्य असतील तेव्हाच सत्य. ‘गरीब पण प्रामाणिक’ यातला ‘पण’ही कोष्टकात ‘आणि’च ठरतो, त्यातला टोमणा गळून पडतो. ‘किंवा’ दोन्ही घटक सत्य असतानाही सत्य मानला जातो. ‘चहा घेणार की कॉफी?’ यातला ‘की’ मात्र सहसा दोहोंतले एकच देऊ करतो, त्यामुळे भाषांतर करताना सावध राहावे लागते.

खरा वाद ‘जर-तर’चा:

| क | ख | क → ख |
|---|---|---|
| स | स | स |
| स | अ | अ |
| अ | स | स |
| अ | अ | स |

पूर्वांग (क) असत्य असले की उत्तरांग (ख) काहीही असो, विधान सत्य. ‘आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते’ हे या हिशेबाने सत्य. पण ‘मामा म्हटले असते’ हेही तितकेच सत्य! अर्थात ‘असत्या तर’ची अशी वाक्ये या कोष्टकात बसतच नाहीत. ‘जर-तर’चा हाच अर्थ मेगाराच्या फिलो या ग्रीक तत्त्वज्ञाने इ. स. पू. चौथ्या शतकाच्या सुमारास मांडला होता आणि डायोडोरस क्रोनस याला तो मान्य नव्हता. या वादावर कवी कॅलिमॅकसने चिमटा काढला होता, की आता छपरावरचे कावळेही याच प्रश्नावर कावकाव करतात.

कोष्टकाचा मुख्य उपयोग युक्तिवाद तपासण्यासाठी. ‘पाऊस पडला तर अंगण ओले होते, अंगण ओले आहे, म्हणून पाऊस पडला.’ आधारविधाने सत्य आणि निष्कर्ष असत्य अशी एक जरी ओळ सापडली तरी युक्तिवाद अवैध. इथे तिसरी ओळ तशी आहे: पाऊस नाही, अंगण ओले. कोणीतरी सडा घातला असेल. कोणी घातला, हे कोष्टक विचारत नाही; शक्यता उरते एवढे पुरे. ज्या विधानाच्या अखेरच्या स्तंभात सर्वत्र ‘स’ येतो ते सर्वतः सत्य, सर्वत्र ‘अ’ येतो ते व्याघाती, आणि मिश्र असेल तर नैमित्तिक.

अमेरिकन तर्कज्ञ चार्ल्स सँडर्स पर्सच्या १८९३ च्या हस्तलिखितात अशी मांडणी आढळते. ती रूढ झाली ती १९२१ मध्ये एमिल पोस्ट आणि लुडविग विट्गेन्श्टाइन यांच्या स्वतंत्र लेखनामुळे. १९३७ च्या प्रबंधात क्लॉड शॅननने रिले-स्विचांच्या (विजेने उघड-बंद होणाऱ्या स्विचांच्या) विद्युतमंडलांना हेच द्विमूल्यी गणित लावले. तिथे ‘स’ आणि ‘अ’ यांच्या जागी १ आणि ० येतात.

पद्धत यांत्रिक आहे, म्हणून खात्रीची. आणि म्हणूनच खर्चिक. वीस घटकांना १०,४८,५७६ ओळी लागतात. वर्गात त्यासाठी लघुपद्धती शिकवतात: निष्कर्ष असत्य व आधारविधाने सत्य धरून मागे जायचे, विसंगती निघालीच तर युक्तिवाद वैध. संगणकाला मात्र मोठ्या सूत्रांसाठी दरवेळी हमखास वेगवान ठरेल अशी रीत आहे का, हा प्रश्न संगणकशास्त्रज्ञ स्टीफन कुकच्या १९७१ च्या निबंधापासून अनुत्तरित आहे. ‘सर्व माणसे मर्त्य आहेत, सॉक्रेटिस माणूस आहे, म्हणून तो मर्त्य आहे’ यापुढे तर कोष्टक हतबल होते. त्याला ही तीन सुटी विधाने दिसतात, ‘सर्व’ दिसत नाही. ‘सर्व’, ‘काही’ अशा शब्दांचाही विचार करणाऱ्या विधेय तर्कशास्त्रासाठी सर्व प्रश्न सोडवणारी यांत्रिक निर्णयपद्धती असूच शकत नाही, हे अलोन्झो चर्च आणि अ‍ॅलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये दाखवले.