पहिली लाइट किट घेताना सावलीकडे बघा

घरच्या घरी व्हिडिओ करायचेत, लाइट घ्यायचेत म्हणून नागपुरात सीताबर्डीच्या एखाद्या दुकानात गेलात की काउंटरवरून आधी बजेट विचारतात आणि लगेच सल्ला मिळतो, ‘मग पूरी किटच घ्या ना, सर!’ पूरी किट म्हणजे दोन-तीन स्टँड, तेवढेच सॉफ्टबॉक्स (दिव्यावर चढवायच्या, पुढून पांढरं कापड असलेल्या पेट्या), जाडजूड बल्ब आणि खोक्यावर ठळक अक्षरांत वॉटचा आकडा. तेवढ्याच पैशांत तीन दिवे मिळत असताना एकच चांगला घ्या म्हणणारा माणूस विक्षिप्त वाटणारच. तरी माझा सल्ला तोच आहे. चेहऱ्यावरचा उजेड चांगला दिसेल की वाईट, हे दिवा चेहऱ्याकडून केवढा दिसतो, किती जवळ आहे आणि त्याचा रंग किती खरा आहे, यावर ठरतं. यातली पहिली दोन कामं जवळपास फुकटात होतात. पैसे लागतात ते तिसऱ्याला.

नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या थोडं खाली. त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात इथे शून्य सावलीचा दिवस येतो आणि भरदुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो. त्या वेळी अंगणात कुणाचा फोटो काढलात तर डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात, नाकाखाली काळी पट्टी, आणि प्रत्येक सावलीची कड धारदार. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे खरा, पण तो १५ कोटी किलोमीटर दूर असल्याने आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. एवढ्या लहान दिव्यापुढे नाक आलं की गालावरच्या कुठल्याही बिंदूला एकतर पूर्ण सूर्य दिसतो किंवा अजिबात दिसत नाही. मधली स्थिती जवळजवळ नसते. शून्य सावलीचा दिवस जुलैत पुन्हा येतो, तेव्हा बहुधा आभाळ भरलेलं असतं आणि तेच ऊन ढगांत विखरून अख्खं आकाश दिवा होतं. गालाच्या काही भागाला आकाश पूर्ण दिसतं, काहीला अर्धं, काहीला पाव, त्यामुळे सावली हळूहळू विरत जाते. फोटोवाले ज्याला सॉफ्ट लाइट म्हणतात तो हाच.

आता खोलीत या. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स एक मीटरवरून सुमारे ३३ अंशांचा दिसतो, तीन मीटरवरून फक्त ११ अंशांचा. वस्तू तीच, पैसे तेच. नवशिका मात्र हटकून दिवा खोलीच्या कोपऱ्यात ठेवतो आणि उजेड कडक येतो अशी तक्रार करतो. दिवा कॅमेऱ्याच्या चौकटीत येणार नाही इतपत जवळ ओढा, अर्धं काम तिथेच झालं.

सॉफ्टबॉक्सही नसेल तरी अडत नाही. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी बनारसच्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलं गेलं, तेव्हा छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा झोत खालून त्या कापडावर मारला. परतून आलेला उजेड मोकळ्या आकाशासारखा पडला. चित्रपट १९५६ चा. तेच तंत्र आपल्याला गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलेल्या पांढऱ्या सुती कापडावर किंवा थर्माकोलच्या शीटवर करता येतं. दिवा एका बाजूने आणि चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला थर्माकोल उभं केलं की किटमधल्या दुसऱ्या दिव्याचं बहुतेक काम त्यातच होतं. कापड पांढरंशुभ्र हवं, मळकट नको. भिंतींकडेही एकदा बघून घ्या. आपल्याकडच्या खोल्यांना पिस्ता नाहीतर गुलाबी रंग देण्याची फार हौस. त्या भिंतीवरून परतलेला उजेड तोच रंग गालावर आणून सोडतो, आणि माणूस आजारी दिसला की दोष बिचाऱ्या कॅमेऱ्याला.

दिवा जवळ आणल्याने आणखी एक गोष्ट घडते. लहान दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो: अंतर दुप्पट तर उजेड पाव. समजा चेहरा दिव्यापासून एक मीटरवर आहे आणि मागची भिंत दिव्यापासूनच दोन मीटरवर. भिंतीवर चेहऱ्याच्या पाव उजेड पडेल, ती गडद होईल आणि मागचं कपाट, कॅलेंडर अंधारात जाईल. दिवा तीन मीटरवर नेला तर भिंत चार मीटरवर जाते आणि तिला चेहऱ्याच्या निम्म्याहून जास्त उजेड मिळतो. मग सगळा पसारा प्रेक्षकासमोर. मोठा सॉफ्टबॉक्स अगदी जवळ असेल तर घट थोडी कमी होते, पण खोलीपुरता हा हिशेब चालतो.

आता पैसे कुठे घालायचे ते. बहुतेक पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळा एलईडी असतो. (याच निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं.) त्यावरचा पिवळसर फॉस्फर निळ्यातला काही उजेड पिवळ्यात बदलतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. डोळा फसतो, पण वस्तू फसत नाहीत. वस्तू तिच्यावर पडलेल्या रंगांपैकीच काही परत पाठवू शकते, आणि स्वस्त एलईडीत गडद लाल फारच कमी असतो. दुकानात जाताना पिशवीत एक पिकलेलं संत्रं न्या. ते आणि आपला तळहात आधी दाराबाहेरच्या उजेडात बघा, मग त्या दिव्याखाली. वाईट दिव्याखाली साल पिवळट, मेलेली दिसते आणि तळहातातलं रक्त आटल्यासारखं वाटतं. त्वचेचा ताजेपणा रक्ताच्या लालीत असतो, त्यामुळे संत्र्यावर नापास झालेला दिवा चेहऱ्यावर पास होणार नाही.

दिव्याखाली रंग किती खरे दिसतात यासाठी खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, शंभरपैकी. तो आठ फिकट रंगांच्या चाचणीची सरासरी आहे आणि गडद लाल त्या आठांत नाहीच. त्याचा वेगळा आकडा आर-९ या नावाने येतो. सीआरआय ८० असलेल्या साध्या दिव्याचा आर-९ शून्याच्या आसपासही असू शकतो. म्हणून सीआरआय ९५ च्या पुढचा बघा आणि आर-९ छापलेला नसेल तर विचारा. दुकानदाराला सांगता नाही आलं तर संत्रं आहेच.

रंगाचं तापमानही, म्हणजे उजेड किती निळसर की पिवळसर याचा आकडा, लक्षात घ्या. दिवसाचा उजेड ५,६०० केल्विनच्या आसपास, जुना पिवळा बल्ब २,७०० च्या. खिडकीतून एक आणि छतावरून दुसरा येत असेल तर अर्धा चेहरा निळसर, अर्धा पिवळा होतो आणि कॅमेरा त्यातला एकच सुधारू शकतो. छतावरचा दिवा बंद करा, खर्च शून्य.

दुसरी चाचणी मोबाइलवर. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून हलक्या सर्किटचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. दिव्याची तीव्रता दहा टक्क्यांवर आणा आणि स्लो मोशनमध्ये शूट करा. खोट असेल तर दिसते. घरी एखादा असा दिवा असेलच तर शटर (एका फ्रेमला उजेड मिळतो तो वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण लुकलुकी मावते. १/६० वर मावत नाही.

वॉटबद्दल थोडक्यात: वॉट म्हणजे खाल्लेली वीज, दिलेला उजेड नव्हे. ‘हजार वॉटच्या बरोबरीचा’ या शब्दांना तर काहीच अर्थ नाही. एक मीटरवर किती लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) आणि तो आकडा रिफ्लेक्टर, म्हणजे दिव्याभोवतीची चकचकीत वाटी, लावून की काढून, एवढं विचारा. मात्र जुन्या बाजारात हजार वॉटचे हॅलोजन स्वस्तात दिसले म्हणून उचलू नका. तसे दोन म्हणजे बंद खोलीत दोन किलोवॉटची शेगडी, तीही आपल्या मे महिन्यात. आवाज रेकॉर्ड करायचा म्हणून कूलर आधीच बंद असतो! ६० वॉटचा एलईडी एका माणसाला पुरतो. त्याचा स्वतःचा पंखा किती घुरघुरतो ते मात्र कान लावून ऐका, आणि पुढे सॉफ्टबॉक्स बदलता यावा म्हणून बोवेन्स माउंट (सॉफ्टबॉक्स अडकवायची एक प्रचलित खाच) आहे ना ते बघा.

फक्त स्थिर फोटो काढायचे असतील तर गणित बदलतं. एका फोटोपुरत्या, समजा १/१०० सेकंदात ६० वॉटचा दिवा ०.६ ज्यूल वीज वापरतो. कॅमेऱ्यावर बसणारा चांगला फ्लॅश एका चमकेत साधारण ६० ज्यूल ओततो. कार्यक्षमतेतला फरक धरला तरी फ्लॅश कितीतरी पुढे राहतो. फोटो दाखवून पापड, दागिने विकणाऱ्यांनी एलईडीच्या मागे न लागता एक फ्लॅश, तो दुरून चमकवणारा एक ट्रिगर आणि एक पांढरी छत्री घ्यावी.

चष्मेवाल्यांनी रिंग लाइटच्या वाटेला जाऊ नये. दिवा कॅमेऱ्याभोवतीच असतो, त्यामुळे काचेवरून परतलेलं गोल कडं थेट कॅमेऱ्यात येतं. दिवा बाजूला आणि बराच वर नेला की परावर्तन खाली निघून जातं.

उरलेल्या पैशांत स्टँड भारी घ्या. सॉफ्टबॉक्स लावल्यावर वरचा भाग जड होतो आणि कूलरची हवा शिडासारखी त्यात भरते. पायावर रेतीची पिशवी ठेवा. कुठे घराचं काम चालू असेल तिथून मागून आणलेली रेती चालते.