उपग्रह मोकळे, वळणं कुलूपबंद

२००८ साली अ‍ॅपलने आयफोनसाठी अ‍ॅप लिहिण्याची साधनं बाहेरच्या विकासकांना खुली केली. सोबत जो करार होता, त्यात कोणती अ‍ॅप चालणार नाहीत हेही लिहिलं होतं. वाहनं, विमानं, यंत्रं आपोआप चालवणारी नकोत. वाहनांच्या ताफ्याचं नियंत्रण करणारी नकोत. आणीबाणीत जीव वाचवण्यासाठी वापरायची नकोत. आणि याच यादीच्या सुरुवातीला होतं प्रवासात क्षणोक्षणी रस्ता दाखवणारं अ‍ॅप. म्हणजे पुढचं वळण सांगत नेणारं अ‍ॅप बनवायचंही नाही आणि तशी जाहिरातही करायची नाही.

त्याच वर्षी जुलैत जीपीएस असलेला पहिला आयफोन बाजारात आला. आपण कुठे आहोत हे त्या फोनला कळत होतं. पडद्यावर नकाशा होता, नकाशावर निळा ठिपका सरकत होता, बोलायला स्पीकर होता. तरीही ‘पुढच्या चौकात डावीकडे वळा’ एवढं म्हणायची बाहेरच्या कुठल्याही अ‍ॅपला मनाई होती.

अशी मनाई आली की आपल्या मनात पहिला संशय उपग्रहांचा येतो. जीपीएस ही अमेरिकी सैन्याची यंत्रणा, तेव्हा अडवणूक तिथूनच होत असणार! एकेकाळी ती खरोखर होती. नागरी वापरासाठीच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळली जाई आणि त्यामुळे जागा शंभरेक मीटरपर्यंत चुकू शकत असे. एवढ्या चुकीत शेजारच्या दोन समांतर रस्त्यांपैकी आपण नेमके कोणत्या रस्त्यावर आहोत हेही ठरवता येत नाही. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने ही भेसळ थांबवली आणि एका रात्रीत जगभरातले जीपीएस संच कितीतरी अचूक झाले. शिवाय जीपीएसचा संच फक्त ऐकतो, उपग्रहाला काही कळवत नाही. त्यामुळे ऐकणारे कितीही वाढले तरी उपग्रहांवर भार पडत नाही आणि ऐकण्याचे पैसेही कोणी मागत नाही. २००८ साली आकाशात कसलंही कुलूप उरलेलं नव्हतं.

कुलूप जमिनीवर होतं, नकाशात. ते नीट कळायला वळण सांगण्यासाठी फोनला काय काय ठाऊक असावं लागतं ते पाहायला हवं. मला या विषयातला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो.

त्या काळी फोनच्या पडद्यावर दिसणारा नकाशा म्हणजे लहान लहान चौकोनी चित्रांची फरशी असे. या चित्रांना ‘टाइल’ म्हणतात. आपल्याला त्यात रस्ता दिसतो, फोनला फक्त रंगीत ठिपके दिसतात. उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता चित्रात एकमेकांना छेदतात, पण पुलावरून खालच्या रस्त्यावर वळता येत नाही हे चित्र सांगत नाही. मार्ग शोधायला वेगळाच नकाशा लागतो. त्यात प्रत्येक चौक हा एक बिंदू असतो आणि दोन चौकांमधला रस्ता ही त्या बिंदूंना जोडणारी रेषा. प्रत्येक रेषेसोबत तिची लांबी, नाव, वेगमर्यादा, वाहतूक एकेरी की दुहेरी, रस्ता कोणत्या दर्जाचा, अशी माहिती जोडलेली असते. गणितज्ञ अशा जाळ्याला आलेख म्हणतात. एकदा हा आलेख हाती आला की सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची रीत एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकतज्ज्ञाने १९५९ मध्येच प्रसिद्ध केलेली होती. आजच्या वेगवान पद्धतींचा पायाही तोच आहे.

वळणाचा नियम मात्र एकट्या रस्त्यालाही चिकटवता येत नाही आणि एकट्या चौकालाही नाही. ‘या रस्त्याने आलात तर या चौकातून त्या रस्त्यावर वळता येणार नाही’ अशी ती तीन पदांची नोंद असते. त्याच चौकात दुसरीकडून येणाऱ्याला ते वळण खुलं असू शकतं. एखाद्या शहरात अशा किती नोंदी लागतील, त्यातल्या किती दर महिन्याला बदलत असतील, याचा अंदाज करून पाहा.

त्यापुढे फोनला आपला ठिपका योग्य रेषेवर बसवावा लागतो. मोजमाप काही मीटरने चुकतं, उंच इमारतींमध्ये संकेत भिंतींवर आपटून येतो आणि चूक आणखी वाढते. म्हणून अ‍ॅप एकट्या ठिपक्यावर विश्वास ठेवत नाही. गेल्या काही सेकंदांतले ठिपके एकत्र घेऊन, या क्रमाने जाता येईल असा सर्वांत संभाव्य रस्ता कोणता हे ते ठरवतं. आणि बोलायचं केव्हा? ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जाते. सूचना बोलायला पाच सेकंद लागली तर तेवढ्यात ८० मीटरहून जास्त अंतर कापलं जातं. वळण आल्यावर वळण सांगून उपयोग नसतो.

हे सगळं गणित विद्यापीठांमध्ये कुणालाही शिकता येत होतं. आलेख मात्र विकत घ्यावा लागे. २००८ च्या सुमारास जगभरचे वाहन-नकाशे पुरवणाऱ्या दोनच मोठ्या कंपन्या होत्या, अमेरिकेतली नॅव्हटेक आणि नेदरलँड्समधली टेलि अ‍ॅटलस. त्यांची माणसं मोटारींतून रस्तोरस्ती फिरून फलक, दुभाजक, एकेरी रस्ते नोंदवत. हा साठा किती मोलाचा होता ते त्याच वर्षीच्या दोन सौद्यांवरून दिसतं. नोकियाने नॅव्हटेक सुमारे ८.१ अब्ज डॉलरला घेतली, गाडीत लावायचे जीपीएस संच बनवणाऱ्या टॉमटॉमने टेलि अ‍ॅटलस सुमारे २.९ अब्ज युरोला. या नकाशांचे परवाने वापर पाहून दिले जात. नुसतं चित्र दाखवण्याची परवानगी वेगळी, वळणं सांगण्याची वेगळी आणि जास्त महाग. गूगलचे नकाशेही तेव्हा अशाच विकत घेतलेल्या माहितीवर उभे होते. त्यामुळे गूगलचा नकाशा आपल्या अ‍ॅपमध्ये वापरणाऱ्यांना चालू प्रवासात वळणं सांगायची परवानगी नव्हती. आयफोनमधला नकाशाही गूगलचाच. एकाच दाराला दोन कुलपं होती.

अ‍ॅपलने आपलं कुलूप जून २००९ मध्ये आयफोन ओएस ३.० सोबत काढलं. अट एवढीच की नकाशा स्वतःचा आणा, फोनसोबत आलेला वापरता येणार नाही. शिवाय ‘हे अ‍ॅप स्वतःच्या जबाबदारीवर वापरा, ठिकाणाची माहिती अचूक असेलच असं नाही’ अशी सूचना वापरकर्त्याला देणं विकासकावर बंधनकारक केलं. ऑगस्टमध्ये टॉमटॉमचं अ‍ॅप आलं. अख्ख्या देशाचा आलेख पोटात असल्याने ते एक जीबीहून मोठं होतं आणि अमेरिकेच्या नकाशासह त्याची किंमत जवळजवळ १०० डॉलर होती. त्यातही एक अडचण राहिलीच. बाहेरच्या अ‍ॅपना पडद्यामागे चालू राहण्याची सोय जून २०१० मध्ये, आयओएस ४ सोबत मिळाली. तोवर गाडी चालवताना फोन आला की वाट दाखवणं बंद!

दुसरं कुलूप गूगलने वेगळ्याच मार्गाने काढलं. रस्त्यांची छायाचित्रं घेणाऱ्या मोटारी २००७ पासून त्यांच्याकडे होत्याच. ऑक्टोबर २००९ मध्ये त्यांनी अमेरिकेपुरता विकतचा नकाशा सोडून स्वतःचा वापरायला घेतला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस अँड्रॉइडवर वळणावळणाचं मार्गदर्शन फुकट जाहीर केलं. त्या दिवशी जीपीएस संच विकणाऱ्या गार्मिन आणि टॉमटॉम यांचे शेअर धडाधड कोसळले. जानेवारी २०१० मध्ये नोकियानेही आपल्या फोनवर ही सेवा फुकट केली.

यानंतर आयफोनवर जे घडलं ते मला फार बोलकं वाटतं. आता मनाई करणारं कलम नव्हतं, गूगलकडे स्वतःचा आलेख होता, तरी आयफोनमधल्या गूगल नकाशाला बोलून वळणं सांगणं आलं नव्हतं. सप्टेंबर २०१२ मध्ये अ‍ॅपलने स्वतःचा नकाशा आणला. त्यात इतक्या चुका निघाल्या की कंपनीचे प्रमुख टिम कुक यांना जाहीर माफी मागावी लागली. मग त्या डिसेंबरात गूगलचं बोलून वाट दाखवणारं अ‍ॅप आयफोनवर आलं. गाडीच्या पडद्यावरही तेच. आयफोनची अ‍ॅप गाडीच्या पडद्यावर दाखवणाऱ्या, २०१४ ला आलेल्या कारप्लेवर बाहेरच्या नकाशा-अ‍ॅपना जागा मिळायला २०१८ उजाडलं.

सगळीच बंधनं वाईट असं मी म्हणणार नाही. कारप्लेवर नकाशा अ‍ॅपने काढायचा, पण बटणं आणि याद्या ठरलेल्या साच्यांतूनच दाखवायच्या, असा नियम आहे. चालकाची नजर रस्त्यावर राहावी यासाठी तो मला योग्यच वाटतो. ‘या चौकात उजवीकडे वळू नये’ ही गोष्ट मात्र कुणा एका कंपनीची मिळकत व्हावी हे मला पटत नाही. तो फलक सार्वजनिक रस्त्यावर, सगळ्यांनी वाचावा म्हणूनच लावलेला असतो.

काही ठिकाणी अडवणूक सरकारची असते. दक्षिण कोरियात १:५,००० प्रमाणाच्या, म्हणजे बऱ्याच बारकाव्याच्या, नकाशाची माहिती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. गूगलने ती परवानगी मागितली आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरक्षेच्या कारणाने ती नाकारली गेली. परिणामी तिथे वर्षानुवर्षं स्थानिक अ‍ॅप वळणं सांगत राहिली आणि गूगलला मोटारीची वाट दाखवता आली नाही. चीनने तर नकाशावरचे अक्षांश-रेखांशच हलवले आहेत. तिथल्या अधिकृत नकाशांमधलं प्रत्येक ठिकाण एका ठरावीक सूत्राने काही शे मीटरपर्यंत सरकवलेलं असतं, आणि हे सरकणं जागोजागी वेगळं असतं. उपग्रहांकडून मिळालेलं ठिकाण जसंच्या तसं त्या नकाशावर ठेवलं तर ठिपका भलत्याच रस्त्यावर किंवा नदीत पडतो. वाट दाखवायची तर ठिपकाही त्याच सूत्राने सरकवावा लागतो.

ही कोंडी फोडणारं काम स्वयंसेवकांनी केलं आहे. ब्रिटनमधली सरकारी नकाशा-माहिती महाग आणि बंदिस्त होती, म्हणून स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू केला. तिथे वळणबंदीची ती तीन पदांची नोंद कुणालाही करता येते आणि परवान्याच्या अटी पाळून कुणालाही वापरता येते. ओस्मअँड, ऑर्गॅनिक मॅप्स यांसारखी अ‍ॅप याच माहितीवर, इंटरनेट नसतानाही, वळणं सांगतात. एकेकाळी नकाशासाठी २.९ अब्ज युरो मोजणारी टॉमटॉम २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉन, मेटा आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यासोबत ओव्हर्चर मॅप्स फाउंडेशनमध्ये सामील झाली. खुल्या नकाशाची सामाईक माहिती तयार करणं हाच या संस्थेचा हेतू आहे आणि तिच्या साठ्यात रस्ते आहेत, इमारती आहेत, पत्ते आहेत.

आत्ता कोणत्या रस्त्यावर किती गर्दी आहे, हे मात्र त्यात नाही. ती माहिती रस्त्याकडेच्या फलकावर लिहिलेली नसते. चालत्या गाड्यांमधल्या लाखो फोनांचे वेग जमवून ती तयार होते आणि ज्याचं अ‍ॅप त्या फोनांवर चालतं त्याच्याकडेच साठते. म्हणून खुल्या नकाशावरची अ‍ॅप पोहोचण्याची वेळ बहुधा रस्त्याचा दर्जा आणि वेगमर्यादा पाहून काढतात. पुढे वाहनं अडकून पडलेली असली तरी ती त्याच रस्त्याने नेतात.