दोनशे रुपयांचा मटार

परळच्या एका रात्रशाळेत मी गणित शिकवते. साडेसहाला मुलं येतात ती थेट कामावरून. त्यातला एक दादरच्या भाजी मार्केटात गाळ्यावर असतो. एकदा त्याला फळ्यावर 160 × 1.25 दिलं. त्याने उभी मांडणी केली, हातचे घेतले आणि उत्तर लिहिलं 2000.

मी विचारलं, "मटार एकशेसाठ रुपये किलो. सव्वा किलोचे किती?"

"दोनशे, बाई. पाव चाळीसला, पाच पाव."

फळ्यावरचे दोन हजार तसेच होते. दोन्ही गणितं एकच आहेत हे त्याला जाणवलंच नव्हतं.

बी.एड.ला मी मानसशास्त्रज्ञ पियाजे वाचला होता. मूल ज्ञान स्वतः रचतं, ते त्याच्यात ओतता येत नाही, असं त्याचं म्हणणं. मला ते पटलंही होतं. पण एकाच डोक्यात एकाच गोष्टीची दोन ज्ञानं शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकांना ओळखतही नाहीत, हे मला त्या फळ्यासमोर कळलं.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा काराहेर, डेव्हिड काराहेर आणि अनालुसिया श्लीमन या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं. त्यांचा निबंध 1985 सालचा. रस्त्यावर माल विकणारी 9 ते 15 वयाची फक्त पाच मुलं त्यात आहेत. संशोधक गिऱ्हाईक होऊन हिशेब विचारत, नंतर तीच आकडेमोड कागदावर देत. बाजारात सुमारे 98 टक्के उत्तरं बरोबर आली, कागदावरच्या शाब्दिक उदाहरणांत 74 आणि नुसत्या आकड्यांत 37.

त्यातला बारा वर्षांचा नारळवाला मला विसरता येत नाही. 35 ला एक, तर चार नारळ कितीला? तीन नारळांचे 105 त्याला पाठच होते. त्यात आधी तीस मिळवले, मग उरलेले पाच, झाले 140. कागदावर 35 × 4 करताना मात्र तो म्हणाला, चार पाचे वीस, हातचे दोन. ते दोन त्याने तीनात आधीच मिळवले, पाच झाले, पाच चोक वीस. उत्तर 200.

ही चूक आळसाची नाही. बाजारात तीस हे तीसच राहतात, त्यांची किंमत हरवत नाही. उभ्या मांडणीत त्यांचा नुसता 'तीन' होतो, आणि तिनाचं काय करायचं ते नियमावर सोपवलेलं असतं. नियम जरा सरकला की उत्तर कुठेही जातं आणि ते अवाजवी आहे हे सांगायला कुणी उरत नाही.

अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत हाच प्रश्न पुन्हा घेतला. 2025 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात उलटी बाजूही दिसली: शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुलं बाजाराच्या हिशेबात अडखळली. म्हणजे दरी दोन्हीकडून आहे.

आपल्याकडे ही दरी एके काळी एवढी रुंद नसावी असं मला वाटतं. माझ्या आजीला सवायकी येत होती: एक सव्वा, दोन सव्वा अडीच, तीन सव्वा पावणेचार, चार सव्वा पाच. पाठांतरही तेच आणि दुकानातला हिशेबही तोच. 1957 साली दशमान नाणी आली, पुढे किलो-ग्रॅम आले, आणि हे पाढे वर्गातून गेले. दशमान पद्धत हवीच होती. पण 'सव्वा' आणि '1.25' यांची गाठ घालून द्यायचं राहून गेलं.

नुसत्या बाजाराच्या हिशेबावर दहावीचं बीजगणित सुटत नाही, हेही खरं. लिहायची रीत शिकवावीच लागते. मी क्रम बदलला एवढंच. आता गणित मांडायच्या आधी विचारते, "अंदाजे किती येईल?" परवा त्या दादरच्या मुलाला 240 × 1.75 दिलं. "चारशेच्या वर," तो म्हणाला आणि गुणाकाराला लागला. उत्तर आलं 4200. खडू खाली ठेवण्याआधीच त्याने शेवटचं शून्य बोटाने पुसून टाकलं, आणि मग टिंब कुठे चुकलं ते शोधायला पहिल्या ओळीपासून परत सुरुवात केली.