अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेनंतरचे ओपिऑइडविरहित वेदनाशमन

अक्कलदाढ किंवा हाडात रुतलेला दात शस्त्रक्रियेने काढल्यावर होणारे दुखणे अफूवर्गीय म्हणजे ओपिऑइड औषधे न देता, किंवा अगदी अपवादानेच देऊन, आटोक्यात ठेवण्याची पद्धत.

हिरडी कापून आणि गरजेपुरते हाड कोरून दाढ काढली जाते. जखमी पेशींत प्रोस्टाग्लँडिने ही दाह व वेदना वाढवणारी रसायने तयार होतात, मज्जातंतूंची टोके हळवी होतात आणि गाल सुजतो. म्हणजे या दुखण्याचे मूळ दाहात आहे. आयबुप्रोफेनसारखी दाहशामके प्रोस्टाग्लँडिनांची निर्मितीच रोखतात; अ‍ॅस्पिरिनबाबत हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. ओपिऑइडे फक्त वेदनेची जाणीव बोथट करतात, दाह जिथल्या तिथे राहतो. वर मळमळ, गुंगी, बद्धकोष्ठता आणि व्यसनाचा धोका.

अमेरिकेत अनेक तरुणांची ओपिऑइडांशी पहिली गाठ अक्कलदाढेमुळेच पडत आली. उरलेल्या गोळ्या घरात पडून राहत, ही त्यातली मोठी चिंता. रटगर्स विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,८०० हून अधिक रुग्ण होते. एका गटाला ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन व ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, तर दुसऱ्याला ५ मिलिग्रॅम हायड्रोकोडोन हे ओपिऑइड व ३०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल दिले. दुखणे सर्वांत तीव्र असते त्या पहिल्या दिवशी आणि रात्री पहिल्या गटाला कमी दुखले, झोपही चांगली लागली. ओपिऑइड ‘जास्त ताकदीचे’ हा समज निदान दाढेपुरता तरी सोडून द्यायला हवा. भारतात ट्रॅमाडॉल हे ओपिऑइड २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे.

औषधाइतकीच त्याची वेळ महत्त्वाची, आणि रुग्ण नेमके इथेच चुकतात. भुलीच्या इंजेक्शनने ओठ जड आहे, पाणी पिताना हनुवटीवर ओघळते आहे, तेव्हा दुखत काहीच नसते. म्हणून ‘दुखलं तर घेईन’ असे म्हणत गोळी राहून जाते. खालच्या जबड्याची बधिरता साधारण तीन-चार तासांत उतरते. ती उतरण्याआधीच पहिली मात्रा पोटात जायला हवी, आणि पुढचे दोन दिवस डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घड्याळ पाहून गोळ्या घ्यायला हव्यात. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून थोडा थोडा वेळ बर्फ धरल्याने आराम पडतो.

पोटातील व्रण, मूत्रपिंडाचा विकार, अ‍ॅस्पिरिनने बळावणारा दमा, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पॅरासिटामॉल प्रौढांना दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नको. यकृताच्या रुग्णांना त्याहून कमी. आपल्याकडे दाढदुखीच्या अनेक जोडगोळ्यांत ते आधीच असते. त्यावर वेगळी ‘तापाची गोळी’ घेतली की नकळत बेरीज वाढते.

कमी होत आलेले दुखणे तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढून कानापर्यंत ठणकू लागले, तर बहुधा खळग्यातली रक्ताची गुठळी निघून हाड उघडे पडलेले असते. सिगारेट, तंबाखू आणि जोराने चुळा भरणे याला कारण ठरतात. मिश्री लावणाऱ्यांना तर ती काही दिवस बंद ठेवण्यास आवर्जून सांगावे लागते. अशा वेळी गोळ्या वाढवून भागत नाही. दंतवैद्य खळगा धुऊन औषधी पट्टी भरतात. तिच्यात बहुधा युजेनॉल, म्हणजे लवंगेच्या तेलातलाच मुख्य घटक असतो. घरचे लवंगेचे तेल मात्र ताज्या जखमेत घालू नये. त्याने मांस पोळते.